निळ्या कागदावरची पांढरी रेघ

नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडं डाळ नीट शिजते का?" आपण पूल साफ करणाऱ्या बाईंना फोन लावला होता, तो चुकून आचाऱ्याला लागला की काय, असं त्यांना वाटत असणार. खोडदकडं बंगला बांधलेल्या एका निवृत्त साहेबांनी तर मला ऐकवलं होतं, "बाई, माझ्या स्वीमिंग पूलचा प्रॉब्लेम आहे, कुकरचा नाही." मी म्हटलं, "साहेब, दोन्हीचं दुखणं एकच आहे." त्यांनी फोन हातात धरूनच बायकोला विचारलं. तूरडाळ चार शिट्ट्या जास्त खाते, असं आतून उत्तर आलं. मग मी पिशवी भरून निघाले.

आमच्या जुन्नर-आंबेगावात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला आठ दिवसांत पांढरं कडं धरतं. हेच पाणी पूलमध्ये भरलं की ऊन पाणी घेऊन जातं आणि त्यातला क्षार मागं ठेवतं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पांढरी रेघ उमटते. सुरुवातीला ती पिठासारखी असते, बोटानं पुसली जाते. तेव्हा कुणी पुसत नाही. मग ती घट्ट होते, जाड होते आणि शेवटी पॉलिशपेपरसारखी खरखरीत होते, तेव्हा मला फोन येतो.

फरशीच्या पूलची रेघ काढणं त्यामानानं सोपं, फरशी सोसते. खरी परीक्षा लायनरची. लायनर म्हणजे पूलच्या खड्ड्याला आतून बसवलेली विनाइलची चादर. तिच्यावर निळ्या फरश्यांचं चित्र छापलेलं असतं. आमच्याकडं शेततळी जागोजाग, त्यामुळं लोक तिलाही सरळ 'कागद' म्हणतात आणि तिथंच घोटाळा होतो. शेततळ्याच्या कागदावर काहीही खपतं. विनाइलला मात्र घासणी चालत नाही, पत्रा चालत नाही, कडक ॲसिड तर मुळीच नाही. त्या खोडदच्या साहेबांनी पाय घासायची वजरी घेऊन तीन दिवस पूल घासला होता. रेघ गेली होती, तिच्याबरोबर फरश्यांचं चित्रही गेलं होतं. साहेबांच्या टाचा मात्र शेवटपर्यंत भेगाळलेल्याच होत्या, असं त्यांच्या बाईंनी मला खाजगीत सांगितलं.

या धंद्यात मी स्वयंपाकघरातून आले. मंचरजवळच्या एका रिसॉर्टवर मी भांड्यांकडं होते. इडलीच्या मोठ्या भांड्याच्या तळाला जाड पुटं चढायची, ती मी लिंबूसत्व टाकून पाणी उकळून काढायची. एकदा पुण्याहून पूलवाला माणूस आला आणि मालकांना म्हणाला, लायनर बदलावा लागेल, ही रेघ निघणारी नाही. मी चहा द्यायला गेले होते. भिंतीवरचं ते पांढरं बघितलं आणि मला हसू आलं, कारण ते माझ्या ओळखीचं होतं. दुपारी चायनीजच्या काउंटरवरून वाटीभर व्हिनेगर घेतलं, मऊ फडकं भिजवलं आणि शिडीमागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दाबून धरलं. बारीक बुडबुडे आले. दहा मिनिटांनी फडकं उचललं तर खाली निळी फरशी हसत होती. त्या दिवसापासून बारा वर्षं मी हेच करतेय. कळंबला माझ्या घरी मात्र नळाला हा एवढा क्षार साठलाय. आमचे हे रोज सकाळी दात घासताना नळाला हात जोडतात आणि म्हणतात, "बाईंची तारीख मिळंल का?"

बारा वर्षांत पूल पुष्कळ झाले. पण सांगायचीय ती राजुरीच्या कमलआक्कांच्या पूलची हकिगत, कारण तिच्यात मी शहाणीही ठरले आणि मूर्खही.

कमलआक्का पासष्टीच्या पुढच्या. द्राक्षबागेला लागून त्यांच्या लेकानं, संदीपनं, पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि पुढं लायनरचा पूल केला. शनिवार-रविवार पुण्याचे पाहुणे डुंबायचे. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मात्र पूल आक्कांचा. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या पाण्यात उतरायच्या आणि वस्तीवरच्या पंधरा-सोळा पोरींना पोहायला शिकवायच्या. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचं, ही त्यांची पद्धत. त्या स्वतः विहिरीत असंच शिकल्या होत्या, तेव्हा डब्याऐवजी पांगाऱ्याचा ओंडका असायचा. आता विहिरींवर जाळ्या आल्यात. वाट उसातून जाते आणि उसात बिबट्या असतो, त्यामुळं कुठली आई पोरीला एकटी विहिरीवर पाठवणार? "मुलगे कुटं बी शिकत्यात गं," आक्का मला म्हणाल्या होत्या. "कालव्यात, बंधाऱ्यात. पोरींनी कुटं जायचं? आन् पाणी काय पोरगा-पोरगी बघून वढतं व्हय?"

त्या उन्हाळ्यात पूलच्या रेघेनं घात केला. दोन वर्षं कुणी पुसली नव्हती. पोरी काठ धरायला गेल्या की कोपरं आणि ढोपरं सोलपटायची. चार-पाच पोरींच्या आयांनी पाठवणं बंद केलं. संदीपनं मला फोन केला, तेव्हा मी मंचरला बाजारात होते. कांद्याचा लिलाव चालू होता, एका कानात बोट घालून मी बोलत होते. "अरे, ते ॲसिडनंच जातं," मी म्हणाले. "मी पुढच्या आठवड्यात येते." आणि फोन ठेवला.

एवढंच बोलले. कुठलं ॲसिड, किती, कसं, काही सांगितलं नाही. आपण येणारच आहोत, मग सांगायचं कशाला, असा माझा हिशोब. पण द्राक्षवाल्या माणसाला ॲसिड म्हटलं की काय आठवणार? ठिबकच्या नळ्यांत क्षार साचला की ॲसिड सोडतात, त्याचा कॅन शेडमध्ये असतोच. संदीपनं आठवडा वाट बघितली नाही. कॅन उचलला आणि रेघेवरून सरळ ओतत गेला.

मी पोहोचले तेव्हा फाटकातूनच दिसलं की काहीतरी भलतंच झालंय. पूलमध्ये पाणी नव्हतं, ताक होतं. भिंती, पायऱ्या, शिडी, सगळ्यावर पांढरं पीठ बसलेलं. शिडीच्या बाजूला हातभर जागेवरचं निळं उडून गेलेलं. आणि पाणबुडी मोटर टाकून संदीप पूल उपसत होता. पाणी कमरेइतकं खाली गेलं होतं.

"मोटर बंद कर!" मी पिशवी टाकून ओरडले. "आधी मोटर बंद कर!"

"अवो मावशी, रिकामा करून घासतो की सगळा."

"रिकामा केलास तर घासायला काही उरणार नाही, बाबा!"

मोटर बंद झाल्यावर त्याला समजावलं. लायनर भिंतीला चिकटवलेला नसतो, पाण्याच्या वजनानं तो भिंतीशी दाबून राहतो. मे महिन्याच्या उन्हात पूल रिकामा झाला की चादर आकसते, आणि एकदा आकसली की परत जागेवर बसत नाही, फाटते. एका कोपऱ्यात सुरकुत्या पडायला लागल्याही होत्या. संदीप त्या सुरकुत्यांकडं बघत खाली बसला.

"कंटाळलो बगा," तो म्हणाला. "रविवारपर्यंत न्हाई निगालं तर ब्लेड लावतो. कागद कांद्याच्या चाळीवर टाकतो आन् खड्डा बुजवतो. झालं."

आक्का ओट्यावर बसून ऐकत होत्या. मांडीवर ते तेलाचे डबे होते, त्यांच्या दोऱ्या सोडवत बसल्या होत्या. मला ते बघवलं नाही.

शेडमध्ये हात धुवायला गेले तर चुन्याची अर्धी गोण दिसली आणि शेजारी लिटमस कागदाचं पुस्तक. तेव्हा कोडं सुटलं. ॲसिड जास्त झालं म्हणून घाबरून संदीपनं बोर्डोचा नियम लावला होता. द्राक्षावर फवारायला मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण करतात, त्यात मोरचुदाचा आंबटपणा मरेपर्यंत चुन्याची निवळी घालत जायचं असतं आणि लिटमस कागदानं तपासायचं असतं. बागेला बरोबर. पूलमध्ये ॲसिड मेलं खरं, पण आधीच जड असलेल्या पाण्यात चुना पडला आणि पाण्यातला होता नव्हता तेवढा क्षार फुटून भिंतींवर येऊन बसला. लिटमस कागद मात्र अगदी बरोबर रंग दाखवत होता. माझ्या बारा वर्षांत एवढ्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं कुणी पूल नासवला नव्हता.

संदीप मागं येऊन उभा राहिला. "मावशी, आईला नका सांगू. तिला वाटतंय बोअरचं पाणीच बिगाडलं."

मी म्हटलं, "नाही सांगत." खरं सांगायचं तर ते त्याच्यासाठी नव्हतं. तो सांगायला लागला असता तर फोनवरचं माझं बोलणंही बाहेर आलं असतं. आपलीच चूक आपण साफ करतोय आणि वर भाव खातोय, हे मला कळत होतं. तरी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

हाताशी सहा दिवस होते. पहिला दिवस पाण्याला हातच लावला नाही, सगळं तळाशी बसू दिलं. दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ पाइपनं हळूहळू ओढून बाहेर सोडला. पाणी अजून खाली गेलं, तेव्हा पुन्हा भरायचा प्रश्न आला. बोअरचं भरलं असतं तर पुन्हा तेच. मी आक्कांना विचारलं, "दुसरं पाणी आहे का कुठं?"

"कालव्याकडची जुनी हीर हाय. पर तिचं मऊ का जड, कुणाला ठावं?"

"डाळ शिजवा," मी म्हणाले.

आक्कांनी चुलीवर दोन पातेली ठेवली, एकात बोअरचं पाणी, एकात विहिरीचं, दोन्हीत मूठमूठ तूरडाळ. त्या दिवशी आख्खी वस्ती चुलीभोवती. पोरी तर आळीपाळीनं झाकण उघडून बघत होत्या. विहिरीची डाळ बोटानं चेपली तेव्हा बोअरची अजून पातेल्यात टणाटण वाजत होती. आक्का उठल्या, पदर खोचला आणि लेकाला म्हणाल्या, "संदीप, हिरीवर मोटर लाव. आन् ही डाळ फोडणीला टाकते, कुणी उपाशी जायाचं न्हाई." ठिबकची मोठी पाइपलाइन जोडून विहिरीचं पाणी पूलमध्ये आलं. कोपऱ्यातल्या सुरकुत्या पाण्याच्या वजनानं आणि माझ्या तळहाताच्या मालिशीनं हळूहळू बसल्या. तेवढ्या वेळात मी देवाला किती नवस बोलले ते सांगत नाही, फेडायला आयुष्य पुरणार नाही.

पुढचं काम चिकाटीचं. मऊ फडकं व्हिनेगरमध्ये भिजवायचं, हातभर जागेवर दाबून धरायचं, बुडबुडे थांबले की पुसायचं, पुढं सरकायचं. जिथं जाड थर तिथं तीनदा, चारदा. खालच्या भिंतींसाठी पाण्याचा आंबटपणा किंचित वाढवायची पावडर बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून, पाणी जोरात आत येतं त्या तोंडाशी थोडी थोडी सोडायची आणि रोज दोनदा नायलॉनच्या ब्रशनं सगळ्या भिंती झाडायच्या. घाई केली की कागद जातो. क्लोरीन आणि ॲसिड एका बादलीत कधीही नाही, हे मी संदीपकडून पाचदा म्हणून घेतलं. तो गडी रोज पहाटे बागेचं काम उरकून येऊन ब्रश मारत होता, तक्रारीचा शब्द नाही. उथळ बाजूला मी पाण्यात उभी राहून घासायची. खोल बाजूला मात्र काठावर पालथं पडून, कमरेला दोरी बांधून, दोरीचं दुसरं टोक शिडीला.

"येवडी दोरी कशापायी?" आक्कांनी विचारलं.

"मला पोहता येत नाही," मी म्हणाले.

एखादा आचारी भाताला हात लावत नाही असं कुणी सांगावं, तसं आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

चौथ्या दिवशी पाण्याचा ताकासारखा गढूळपणा गेला. पाचव्या दिवशी तळातल्या निचऱ्याच्या भोकावरचं झाकण दिसायला लागलं. शनिवारी दुपारी ऊन वर आलं आणि पूल निळा झाला. नुसता निळा. त्या शिडीजवळच्या उडालेल्या हातभर जागेखेरीज सगळ्या फरश्या जागच्या जागी. मी भिंतीवरून हात फिरवत आख्खी फेरी मारली, कुठंही खरखर नाही. मला इतका आनंद झाला की मी संदीपच्या पाठीत धपाटा घातला. त्यानं खिशातून ब्लेड काढलं, एकदा बघितलं आणि द्राक्षाच्या दोऱ्या कापायला ठेवून दिलं.

आक्कांनी निरोप धाडला आणि अर्ध्या तासात सगळ्या पोरी हजर. सोळाच्या सोळा. ज्यांच्या आयांनी बंद केलं होतं, त्यांच्या आयासुद्धा. पूर्वा नावाची दहा वर्षांची पोरगी, ढोपरावरची खपली अजून ताजी, तिनं आधी भिंतीला गाल लावून बघितला आणि मग ओरडली, "गुळगुळीत हाय!" आणि धप्पकन उडी. मग कोण ऐकतंय. पाणी दिसेना इतक्या पोरी.

आक्कांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. "हिनं वाचवला पूल. हिच्या हाताला लई गुण हाय. न्हाई तर उद्या चाळीवर गेला असता."

टाळ्या वाजल्या. आणि ते मात्र मला गिळेना. लोकांच्या कौतुकाची मला हौस आहे, नाही असं नाही, पण हे कौतुक माझं नव्हतं. मी म्हणाले, "आक्का, पूल बिघडला तोच माझ्यामुळं. फोनवर मी याला ॲसिड म्हणाले आणि कसलं ते सांगितलं नाही."

संदीपही मग पुढं आला. "ठिबकचं वतलं आई मी. आन् वरनं चुना."

आक्कांचा आवाज चढला, तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल. "बागंला मारताना गरामावर मोजतोस, आन् पोरींच्या पाण्यात गोणी वततोस? बागंपरीस सस्त्या हायेत व्हय पोरी?" मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू गं? बाजारात हुबी ऱ्हाऊन दवा सांगती? नाडी न बगता?"

आम्ही दोघं खाली माना घालून उभे. आक्कांनी ओट्यावरचा एक तेलाचा डबा उचलला, मग दुसरा उचलला, माझ्याकडं आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "हिला दोन लागत्याल."

"आक्का, नको," मी म्हणाले.

"बारा वरसं दुसऱ्यांचं पाणी साफ करतीस आन् काठाला दोरी बांदतीस. ही शिक्षा हाय. उतर."

मी काष्टा मारला. माझ्या वयाच्या बाईनं एवढ्या लोकांत पाण्यात उतरायचं म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. पण मला लाजेपेक्षा भीती मोठी होती. पूर्वानं माझ्या पाठीला दोन डबे बांधले, गाठ ओढून तपासली आणि अगदी आक्कांच्या आवाजात म्हणाली, "मावशी, काठ सोडायचा. आमी हाये." आणि सोळाच्या सोळा पोरींनी मिळून मला खोल पाण्यात ढकललं.

आधी मी ओरडले. मग पाणी प्याले. विहिरीचं होतं, मऊ होतं, एवढं त्या गडबडीतही कळलं. पाय टेकत नाहीत म्हटल्यावर हात वेडेवाकडे मारले. आणि मग डब्यांनी मला वर उचललं. मी तरंगत होते! बारा वर्षं ज्याच्या काठावर गुडघे टेकले, ते पाणी मला धरून होतं. वर निळं, खाली निळं, भोवती पोरींचा कालवा, "पाय मारा मावशी, पाय!" आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. लग्नातसुद्धा एवढी हसले नव्हते. संदीपला त्या दिवसापासून पोरींचे डबे बांधायची आणि सोडायची शिक्षा लागली, ती तो अजून भोगतोय.

पाय मारत मारत शिडीपर्यंत गेले आणि दांडा धरला. तेव्हा शिडीच्या मागं, पाण्याच्या जरा वर, माझ्या डोळ्यांसमोर बोटभर लांबीची पांढरी रेघ. काठावर पालथं पडून ती दिसायची शक्यताच नव्हती. ती फक्त पाण्यातल्या माणसालाच दिसते.

"आक्का, इथं राहिलंय!" मी ओरडले. "फडकं द्या, लगेच पुसते!"

आक्का काठावर वाकल्या आणि माझ्या बोटाकडं बघून हसल्या. "ऱ्हाऊ दे गं. ती पुसायला गुरुवारी ये."

मी गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले. आता मला एक डबा पुरतो. त्या रेघेपाशी पोहोचले की मी दांडा धरून दम खाते, बोटानं तिला चाचपून बघते आणि परत फिरते. फडकं दर वेळी पिशवीत असतं. अजून काढलेलं नाही.